रिपोर्ट येईल तेव्हा आई भुलीखाली असतील

*माझ्या आईचं वय ६३. पाळी जाऊन १२ वर्षं झाली. गेल्या काही महिन्यांत दोनदा अंगावरून रक्त गेलं. तिला मधुमेह आहे, वजनही जास्त आहे. सोनोग्राफीत गर्भाशयाचं अस्तर १४ मिलिमीटर जाड निघालं. डॉक्टरांनी तपासणीच्या खोलीतच तुकडा घ्यायचा प्रयत्न केला, पण गर्भाशयाचं तोंड इतकं घट्ट होतं की नळी आत जाईना. मग भूल देऊन क्युरेटिंग केलं. रिपोर्ट आला, ‘नमुना निदानासाठी अपुरा’. आता डॉक्टर म्हणतात, पिशवी काढू, ऑपरेशन चालू असतानाच ती फ्रोझन सेक्शनला पाठवू आणि कॅन्सर निघाला तर पुढचंही त्याच वेळी उरकू. कॅन्सर आहे की नाही हेच माहीत नसताना एवढं मोठं ऑपरेशन करायचं का? वीस मिनिटांत दिलेल्या रिपोर्टवर भरवसा ठेवायचा का? आणखी एक. कॅन्सरची शंका आहे हे आम्ही आईला सांगितलेलं नाही. ‘पिशवीला सूज आहे, काढावी लागेल’ एवढंच तिला माहीत आहे. बाबा आणि भाऊ म्हणतात, सांगू नकोस, ती खचेल. मी काय करू?*

*– एक मुलगी*

तुमचं पत्र वाचलं. तुम्ही तीन प्रश्न विचारलेत, पण तिन्हींची गाठ एकाच जागी बसलेली आहे. फ्रोझन सेक्शनचं, म्हणजे ऑपरेशन चालू असतानाच तुकडा गोठवून केलेल्या तपासणीचं, उत्तर ऑपरेशन थिएटरमध्ये येईल तेव्हा तुमच्या आई भुलीखाली असतील. त्या उत्तरावर कोणी काय करायचं, हे त्या वेळी त्यांना विचारता येणार नाही. म्हणून जे काही ठरवायचं ते आधी ठरायला हवं, आणि ते त्यांच्यासमोर ठरायला हवं. मी पॅथॉलॉजिस्ट म्हणून आयुष्यभर सूक्ष्मदर्शकाच्या या बाजूला बसून असे रिपोर्ट दिलेले आहेत. त्यामुळे त्या वीस मिनिटांत काय कळतं आणि काय कळत नाही, ते मी तुम्हाला नीट सांगू शकते. त्यानंतर आईंना सांगायचं की नाही याबद्दल बोलू.

आधी शंका कितपत खरी आहे ते पाहू. पाळी गेल्यानंतर रक्त जाणाऱ्या १०० बायकांपैकी साधारण ९ जणींना गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर निघतो, बाकीच्यांना दुसरं काहीतरी असतं. अस्तर सुकून नाजूक झालेलं असतं, पॉलिप म्हणजे अस्तरातून वाढलेला कोंब असतो, कधी साधी वाढ असते. उलट बाजूने पाहिलं तर ज्यांना हा कॅन्सर होतो त्यांतल्या १०० पैकी सुमारे ९० जणींना आधी रक्त गेलेलं असतं. हा आजार बहुतेक वेळा लवकर हाक देतो आणि तुमच्या आईंनी ती हाक लपवली नाही, हे फार चांगलं झालं. पाळी गेलेल्या बाईचं अस्तर ४ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ असेल तर कॅन्सर असण्याची शक्यता शेकडा एकाहूनही कमी असते. आईंचं १४ आहे. शिवाय मधुमेह आणि जास्त वजन. शरीरातल्या चरबीतून पाळी गेल्यावरही इस्ट्रोजेन हे हार्मोन तयार होत राहतं, आणि त्याला आवर घालणारं प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन नसलं की अस्तर वाढत जातं. तेव्हा शंका घेण्याजोगी परिस्थिती आहे, पण निदान झालेलं नाही. ही दोन्ही वाक्यं एकत्र धरून ठेवा. घरात कोणी एक सोडून दुसरंच धरलं की घबराट तरी होते, नाहीतर ढिलाई.

आता ‘अपुरा नमुना’ या शब्दांविषयी. पुष्कळ घरांत याचा अर्थ ‘काही निघालं नाही’ असा लावला जातो. तसा तो नाही. याचा अर्थ एवढाच की आमच्या हाती अस्तराचं जे आलं त्यावरून हो म्हणता येत नाही आणि नाहीही म्हणता येत नाही. पातळ अस्तर असलेल्या बाईच्या बाबतीत असा रिपोर्ट समजण्यासारखा असतो. पण १४ मिलिमीटरचं अस्तर असताना नमुना अपुरा येणं म्हणजे उपकरण हव्या त्या जागी पोचलंच नाही, असं मी धरून चालेन. तुमच्या डॉक्टरांनी तो रिपोर्ट पाहून ‘ठीक आहे, सहा महिन्यांनी या’ म्हटलं नाही, यावरून ते हा विषय गांभीर्याने घेत आहेत असं मला वाटतं.

तरीही पहिल्या प्रश्नावर माझं म्हणणं असं आहे. गर्भाशय काढण्याआधी त्यांना एक गोष्ट स्पष्ट विचारा : दुर्बिणीने गर्भाशयाच्या आत पाहून, जिथे वाढ दिसते तिथूनच तुकडा घेता येईल का? याला हिस्टेरोस्कोपी म्हणतात. क्युरेटिंग हे आंधळं काम आहे. खरवडणाऱ्या हाताला आतलं दिसत नसतं. पॉलिप हलका असला तर तो बाजूला सरकतो, कोपऱ्यातली वाढ सुटून जाते. दुर्बिणीने ती डोळ्यांना दिसते. तोंड घट्ट असेल तर आधी औषध देऊन ते थोडं सैल करता येतं. भुलीखाली, पोटावरून सोनोग्राफीत आतला रस्ता बघत बघतही आत जाता येतं. अशा तऱ्हेने नीट तुकडा मिळाला, तर ऑपरेशनच्या आधीच निदान हाती येईल, आणि मग ऑपरेशन कोणतं करायचं हे शांतपणे ठरवता येईल. कॅन्सर नसून साधा पॉलिप निघाला तर गर्भाशय काढण्याची गरजही कदाचित उरणार नाही. गर्भाशय काढणं हे मोठं ऑपरेशन आहे. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, मूत्राशयाला किंवा मूत्रनलिकेला इजा, पायात रक्ताची गुठळी हे धोके कमी असले तरी असतातच, आणि मधुमेह व वजन यांमुळे ते थोडे वाढतात. ते पत्करायचे तर आधी सोपी वाट तपासून झालेली असावी.

सोबत आणखी एक करा. आधीच्या क्युरेटिंगच्या काचपट्ट्या आणि मेणाचा ब्लॉक प्रयोगशाळेतून मागून घ्या आणि स्त्रियांच्या कॅन्सरचं काम नेहमी करणाऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवा. ब्लॉकमधून आणखी काप काढता येतात. कधीकधी त्या थोड्याशा पेशींतही एखादी गोष्ट सापडते आणि पुढची दिशा ठरते. रुग्णाने किंवा घरच्यांनी ब्लॉक मागणं यात कोणाचा अपमान नाही.

दुर्बिणीनेही जमलं नाही, किंवा डॉक्टर म्हणाले की आईंच्या बाबतीत ते आधीच करून पाहिलं आहे, आत जाणं सुरक्षित नाही, तर मग त्यांची योजना योग्य आहे. रक्त वारंवार जातंय, अस्तर जाड आहे आणि तुकडा मिळत नाही, अशा वेळी गर्भाशय काढून तपासणं हाच निदानाचा मार्ग उरतो. जगभर स्त्रीरोगतज्ज्ञ असंच करतात. शक्य असेल तर आधी एमआरआय करून घ्यावा. वाढ गर्भाशयाच्या स्नायूत किती खोल गेली असावी आणि आसपासच्या ग्रंथी मोठ्या दिसतात का, याचा अंदाज त्यातून येतो, आणि थिएटरमध्ये अचानक काही समोर येण्याची शक्यता घटते.

इथे एक अट मात्र मी घालेन, आणि ती तुम्हीही घाला. कॅन्सरची शंका असलेलं गर्भाशय पोटात तुकडे करून बाहेर काढू नये. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये मोठं गर्भाशय लहान छिद्रातून काढण्यासाठी ते यंत्राने कापण्याची पद्धत आहे. असं केलं तर कॅन्सरच्या पेशी पोटात पसरू शकतात, आणि आमच्याकडे येतो तो तुकड्यांचा ढीग. त्यात वाढ किती खोल गेली होती हे कोणालाच सांगता येत नाही. दुर्बिणीने ऑपरेशन करायला हरकत नाही, उलट पोट उघडून केलेल्या ऑपरेशनपेक्षा त्यातून बाई लवकर उठते. फक्त गर्भाशय अखंड, योनीमार्गातून बाहेर यायला हवं.

आता फ्रोझन सेक्शनकडे येऊ. ऑपरेशन चालू असतानाच ऊतीचा तुकडा गोठवून तपासायची ही रीत नवीन नाही. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये लुई विल्सन या डॉक्टरांनी १९०५ साली ती रोजच्या वापराची करून दाखवली. शल्यविशारदांना रुग्ण टेबलावर असतानाच उत्तर हवं होतं, त्यातून ती आली. गरज अजूनही तीच आहे.

होतं काय, तर गर्भाशय बाहेर निघालं की ते फॉर्मॅलिनमध्ये न बुडवता तसंच, ताजं, प्रयोगशाळेत येतं. मी ते आधी हाताने चाचपते, मोजते, वजन करते. मग दोन्ही कडांनी कापून पोकळी उघडते. पुष्कळदा इथेच निम्मं कळतं. निरोगी अस्तर गुळगुळीत आणि गुलाबीसर दिसतं, कॅन्सरची वाढ भुरभुरीत, पांढुरकी, उंचवट्यासारखी. मग वाढीच्या जागी गर्भाशयाची भिंत आरपार कापायची आणि ती वाढ भिंतीत कुठवर गेली ते पाहायचं. सगळ्यात खोल वाटतं तिथला तुकडा निवडायचा. तो जेलमध्ये बसवून उणे २० अंशांच्या आसपास गोठवला जातो आणि क्रायोस्टॅट नावाच्या थंड पेटीत त्याचे काप काढले जातात, प्रत्येक काप केसाच्या जाडीच्या दहाव्या भागाच्या आसपास. तो काचपट्टीवर घेऊन रंगवला की सूक्ष्मदर्शकाखाली. एका तुकड्याचं उत्तर साधारण १५ ते २० मिनिटांत थिएटरला कळवता येतं. दोन-तीन तुकडे घ्यावे लागले तर वेळ जास्त लागतो, आणि तो घेऊ द्यायला हवा.

घाईत दिलेल्या रिपोर्टवर भरवसा कसा ठेवायचा, असं तुम्ही विचारता. रिपोर्ट घाईत दिलेला नसतो, पण थोड्या सामग्रीवर दिलेला असतो, हे नक्की. नेहमीच्या पद्धतीत ऊती फॉर्मॅलिनमध्ये मुरते, मेणात बसते, पुष्कळ ब्लॉक होतात, आणि शंका राहिली तर अख्खं अस्तर तपासता येतं. त्याला काही दिवस लागतात. फ्रोझनमध्ये एक-दोन जागा पाहून बोलायचं असतं. शिवाय गोठवताना पेशींमध्ये बर्फाचे स्फटिक होतात आणि त्या फुगलेल्या, विद्रूप दिसतात. ओल्या, मऊ अस्तरात हे जास्त होतं. म्हणून क्युरेटिंगचे भुगे फ्रोझनला पाठवणं मला आवडत नाही. कोणी ‘पुन्हा क्युरेटिंग करू, तेच फ्रोझन करू आणि लगेच पिशवी काढू’ असं सुचवलं तर त्यांना नेहमीच्या रिपोर्टासाठी काही दिवस थांबायला सांगा. नीट मुरवलेला तो नमुना कितीतरी जास्त सांगेल.

मात्र उघडलेल्या गर्भाशयात डोळ्यांना दिसणारी वाढ असेल, तर ‘हा कॅन्सर आहे’ हे उत्तर फ्रोझनवर बहुतेक वेळा बरोबर येतं. वाढ भिंतीच्या निम्म्यापेक्षा खोल गेली आहे का, हेही बऱ्यापैकी कळतं. वाढ किती मोठी आहे हे तर पट्टीने मोजायचं असतं. पेशी किती आक्रमक आहेत, म्हणजे ग्रेड, यात चूक व्हायची शक्यता थोडी जास्त. फ्रोझनवर ग्रेड १ म्हटलेला कॅन्सर अंतिम रिपोर्टात ग्रेड २ निघणं हे आमच्या कामात घडतं.

सगळ्यात अवघड जागा म्हणजे कॅन्सरच्या उंबरठ्यावरचं अस्तर, ज्याला आम्ही एटिपिकल हायपरप्लेसिया म्हणतो. पेशी बदललेल्या असतात, पण कॅन्सर म्हणावं इतक्या नाहीत. असं निदान बायोप्सीत असलेल्या बायकांचं गर्भाशय नंतर पूर्ण तपासलं तेव्हा काय दिसलं, याचा एक मोठा अमेरिकी अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यात २८९ पैकी १२३ जणींच्या गर्भाशयात कॅन्सर होताच. म्हणजे जवळजवळ निम्म्या. उंबरठ्यावरचं अस्तर आणि त्यात कुठेतरी लपलेला कॅन्सर अशी ही जोडी असते, आणि एक-दोन कापांत तो लपलेला भाग सापडेलच असं नाही. अशा वेळी प्रामाणिक पॅथॉलॉजिस्ट फोनवर म्हणतो, ‘आत्ता नक्की सांगता येत नाही, अंतिम रिपोर्टासाठी थांबा.’ हे त्याचं अपयश नाही. वाढ अगदी बारीक असेल तर मी ती गोठवायचंच नाकारते, कारण गोठवण्यात ती वाया गेली तर अंतिम रिपोर्टासाठी काही उरत नाही.

तेव्हा फ्रोझनचा रिपोर्ट हा आजाराचा शेवटचा निवाडा समजू नका. तो एकाच प्रश्नाचं उत्तर आहे : पोट आत्ता उघडं आहे, आज आणखी काही करायचं का?

आणि हे ‘आणखी काही’ म्हणजे काय, ते समजून घेतल्याशिवाय संमतीपत्रावर सही करू देऊ नका. कॅन्सर निघो न निघो, ६३ व्या वर्षी गर्भाशयाबरोबर दोन्ही बीजांडकोश आणि नलिका साधारणपणे काढल्याच जातात. खरा प्रश्न ओटीपोटातल्या लसिका ग्रंथींचा (लिम्फ नोड्सचा) असतो. कॅन्सर गर्भाशयाबाहेर पडतो तेव्हा त्याचा पहिला मुक्काम बहुधा तिथे असतो. पूर्वी कॅन्सर म्हटलं की सगळ्या ग्रंथी काढत. पुढे २००८ आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या अभ्यासांत दिसलं की सुरुवातीच्या टप्प्यात सरसकट ग्रंथी काढल्याने आयुष्य वाढत नाही. उलट पायांना कायमची सूज येण्याचा त्रास मात्र मागे लागतो. म्हणून फ्रोझनचा उपयोग : वाढ लहान, ग्रेड कमी, भिंतीत वरवर असेल तर ग्रंथींना हात लावायचा नाही, मोठी किंवा खोल असेल तर काढायच्या. मेयो क्लिनिकच्याच डॉक्टरांनी यासाठी आकाराची रेघ २ सेंटिमीटरवर आखली होती.

अलीकडे अनेक ठिकाणी याहून चांगली रीत वापरतात, आणि तुमच्या आईंच्या बाबतीत ती महत्त्वाची आहे. गर्भाशयाच्या तोंडाशी इंडोसायनिन ग्रीन नावाचा रंग टोचतात. तो लसिकेच्या वाटेने ज्या ग्रंथीत सगळ्यात आधी पोचतो ती ग्रंथी खास कॅमेऱ्यात हिरवी चमकते. तिला सेंटिनल नोड म्हणतात. फक्त तीच काढून बारकाईने तपासायची. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या फायर्स या अभ्यासात, ज्यांच्यात अशी ग्रंथी सापडली आणि ग्रंथींपर्यंत कॅन्सर पोचलेला होता, अशा १०० पैकी सुमारे ९७ जणींमध्ये तो या रीतीने पकडला गेला.

पण हा रंग गर्भाशय जागेवर असतानाच टोचता येतो. एकदा गर्भाशय बाहेर काढलं की ती वाट तुटली. म्हणजे ‘आधी पिशवी काढू, फ्रोझन करू, मग ग्रंथींचं बघू’ या क्रमात सेंटिनल नोडची संधी निघून गेलेली असते, आणि मग सगळ्या ग्रंथी काढा किंवा एकही काढू नका एवढेच दोन पर्याय राहतात. म्हणून निदान पक्कं नसतानाही, शंका बळकट असली तर काही शल्यविशारद सुरुवातीलाच रंग टोचून त्या एक-दोन ग्रंथी शोधून घेतात. काही जण म्हणतात, कॅन्सर निघालाच नाही तर त्या ग्रंथी विनाकारण गेल्या. दोन्ही बाजूंना अर्थ आहे. माझा कल पहिल्या बाजूला आहे, कारण एक-दोन ग्रंथी गेल्याचा त्रास सगळ्या काढल्याच्या त्रासापेक्षा फार कमी असतो. पण हा प्रश्न तुमच्या डॉक्टरांना ऑपरेशनच्या आधी विचारायलाच हवा. त्यांनी ‘आमच्याकडे ही सोय नाही’ म्हटलं, तर ती जिथे आहे तिथे जाण्याचा विचार करा.

त्यावरून ऑपरेशन कुठे करायचं हा मुद्दा. फ्रोझन सेक्शनचं नाव घेणं सोपं आहे. तुम्ही विचारा की पॅथॉलॉजिस्ट त्याच इमारतीत असतील का, त्या दिवशी त्या वेळी असतील का, आणि त्यांना आधी कळवलं आहे का. गाडीतून तुकडा दुसरीकडे पाठवायचा आणि आई तेवढा वेळ भुलीखाली, असं नको. दुसरं म्हणजे, ऑपरेशन करणारे डॉक्टर स्त्रियांच्या कॅन्सरच्या शस्त्रक्रियेत मुरलेले असावेत, किंवा तसे सहकारी थिएटरमध्ये सोबत असावेत. कॅन्सर निघाल्यावर ‘हे आम्हाला जमणार नाही, पोट शिवतो, दुसरीकडे जा’ असं झालं तर फ्रोझन कशासाठी केलं? ही दोन्ही नसतील तर सरळ मोठ्या कॅन्सर रुग्णालयाची वेळ घ्या. एक-दोन आठवडे गेल्याने या आजारात सहसा बिघडत नाही. रक्त फारच जात असेल तर गोष्ट वेगळी.

आता आईंना सांगायचं की नाही.

बाबा आणि भाऊ प्रेमापोटीच बोलत आहेत, त्यांच्याशी भांडू नका. पण त्यांना एक विचारा. आई भुलीखाली असताना डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, ‘कॅन्सर आहे, ग्रंथी काढायच्या का? पायाला सूज राहू शकते,’ तर हो कोण म्हणणार? बाबा? आणि उद्या आईंचे पाय खरंच सुजले आणि त्यांनी विचारलं की मला न विचारता हे का केलं, तर? शरीर त्यांचं आहे. संमतीपत्रावर सही त्यांची हवी, आणि सही करताना कशासाठी करतोय हे माहीत असायला हवं. ‘पिशवीला सूज’ या समजुतीवर घेतलेली सही ही संमती होत नाही, आणि हे डॉक्टरही जाणतात.

शिवाय त्यांना काही कळलेलं नाही असं तुम्हाला वाटतंय, पण मला तसं वाटत नाही. पाळी जाऊन १२ वर्षं झालेल्या बाईला पुन्हा रक्त जातं, दोनदा तपासणी होते, घरात कुजबुज सुरू होते, आपण खोलीत आलो की बोलणं थांबतं. यातून ६३ वर्षांच्या बाईला काय समजत नसेल? मी अशा कितीतरी आया पाहिल्या आहेत, ज्या मुलांना त्रास नको म्हणून काही न कळल्यासारखं वागत होत्या. दोन्हीकडून एकमेकांना जपायचं आणि दोघांनीही एकटं राहायचं, असं ते होतं. भीती एकटीने वागवण्यापेक्षा ती बोलून दाखवता आली तर माणूस खचत नाही, त्याला आधार मिळतो.

सगळं एका दमात सांगायचं नाही. शांत वेळी त्यांच्याजवळ बसा आणि आधी त्यांनाच विचारा, ‘आई, डॉक्टर जे बोलले त्यातून तुला काय वाटतंय?’ कदाचित तो शब्द त्याच उच्चारतील. नाहीच उच्चारला, तर साध्या भाषेत खरं ते सांगा : ‘पिशवीचं अस्तर जाड झालंय. ते साधं असू शकतं, कॅन्सरही असू शकतो, अजून कोणालाच माहीत नाही. तुकडा नीट मिळाला नाही म्हणून डॉक्टर ऑपरेशन करताना तपासणार आहेत. कॅन्सर निघाला तर त्याच वेळी थोडं जास्त करावं लागेल. ते करायचं का, हे तू ठरवायचंस, आम्ही सोबत आहोत.’ त्या रडल्या तर रडू द्या. लगेच धीर द्यायची घाई करू नका. त्यांना किती जाणून घ्यायचंय तेही विचारा. ‘मला आकडे नकोत, तुम्ही बघा’ असं त्या म्हणाल्या तर तोही त्यांचाच निर्णय, तो मान्य करा. आणि धीर देण्यासाठी खोटं बोलायची गरजही नाही. गर्भाशयापुरताच असताना सापडला तर अमेरिकेतल्या नोंदींनुसार पाच वर्षांनंतर १०० पैकी सुमारे ९५ जणी हयात असतात, आणि बहुतेकींमध्ये तो त्याच टप्प्यावर सापडतो. ही खरी बातमी आहे, ती त्यांना मिळू द्या.

त्यानंतर डॉक्टरांकडे आईंना घेऊन जा आणि त्यांच्यासमोर प्रत्येक शक्यतेचं बोलून घ्या. फ्रोझनमध्ये काही निघालं नाही तर काय, कॅन्सर निघाला तर काय, ‘नक्की सांगता येत नाही’ असं आलं तर काय. शेवटच्या बाबतीत मी म्हणेन की तिथेच थांबावं. शंकेवर जास्तीचं काढून बसण्यापेक्षा अंतिम रिपोर्ट आल्यावर, गरज पडली तरच, पुढचं पाऊल उचलावं. आईंचं उत्तर संमतीपत्रात लिहून घ्यायला सांगा.

शुद्धीवर आल्यावर आई विचारतील, ‘काय निघालं?’ तेव्हा काय उत्तर द्यायचं आणि कोणी द्यायचं, हेही आधी ठरवा. जे निघालं ते सांगायचं, आणि पक्का रिपोर्ट काही दिवसांनी येणार आहे हेही सांगायचं. फ्रोझन आणि अंतिम रिपोर्ट यांत फरक पडला तर तुम्ही हादरू नका. मी वर सांगितलेल्या कारणांनी तो पडतो, आणि तेव्हा अंतिम रिपोर्टच खरा मानायचा. रेडिएशन किंवा केमो लागेल का, हे त्यावर ठरेल. अनेकींना ऑपरेशननंतर काहीच लागत नाही.

कॅन्सर निघालाच, तर अंतिम रिपोर्टाबरोबर दोन गोष्टी मागून घ्या : पी ५३ या पेशींच्या वाढीला आवर घालणाऱ्या प्रथिनाची तपासणी आणि मिसमॅच रिपेअर, म्हणजे डीएनएच्या नकलेतल्या चुका दुरुस्त करणाऱ्या, प्रथिनांची तपासणी. शक्य असेल तिथे पोल या जनुकाचीही करतात. दिसायला सारखे असणारे कॅन्सर आतून वेगळे असतात आणि वेगळे वागतात, हे गेल्या दशकात स्पष्ट झालं आहे. २०२३ सालच्या आंतरराष्ट्रीय टप्पेवारीत या तपासण्यांना जागा मिळाली आहे. त्यांच्यावरून कोणाला जास्त उपचार हवेत आणि कोणाला कमी पुरतील हे बऱ्याच अंशी ठरतं.

मिसमॅच रिपेअरची तपासणी तुमच्यासाठीही आहे. हे प्रथिन गायब असलं तर पुष्कळदा तो बदल फक्त त्या गाठीपुरता असतो. पण काही बायकांमध्ये तो जन्मतःच मिळालेला असतो, त्याला लिंच सिंड्रोम म्हणतात. तसं असेल तर अपत्याकडे तो येण्याची शक्यता निम्मी असते, आणि त्यात गर्भाशयाबरोबर मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोकाही वाढतो. वेळेवर कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, करत राहिलं तर आतड्याचा कॅन्सर पुष्कळ अंशी टाळता येतो. आईंच्या रिपोर्टात तसं काही आलं तर जनुक समुपदेशकाकडे जा, आणि भावालाही सोबत न्या. हा बदल मुलग्यांकडेही तितकाच येतो.